सिस्टर, त्या एका प्रश्नासाठी

प्रिय सिस्टर,

ओपीडीत रोज इतक्या बायका येतात, मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. पिशवीभर लघवीचे रिपोर्ट घेऊन आलेली, ती मी.

खोकलं, शिंकलं की लघवी सुटायची, म्हणून २०१६ साली ऑपरेशन करून मला आत पट्टी बसवली. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. भाचीच्या लग्नात नाचलेसुद्धा. मग सारखी जळजळ, जांघेत ठणका, मधूनच अंगावरून लाल जाणं. एका रात्री हे दचकून म्हणाले, "काहीतरी टोचलं." आता हे कोणाला सांगायचं? तीन डॉक्टर झाले. दोघांनी अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्यांनी वय काढलं.

तुम्ही पडदा ओढून विचारलंत, "काकू, आत जाळी बसवलीय का?" मी म्हटलं, जाळी नाही हो, पट्टी. तुम्ही हसला नाहीत. केसपेपरच्या मागे चित्र काढलंत: मूत्रनळीखाली झोळीसारखी बोटभर रुंद पट्टी, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची, म्हणजे जाळीच. मांस तिच्या भोकांतून वाढतं म्हणून ती धरून राहते. पण कधीकधी योनीचं अस्तर झिजून तिची कड उघडी पडते. माझं तेच झालं होतं.

जुनं डिस्चार्ज कार्डही तुम्हीच शोधायला लावलंत. माळ्यावरच्या ट्रंकेत, मुलाच्या मार्कशीटांखाली सापडलं, आत पट्टीच्या लॉट नंबरचं स्टिकर. पट्टी जांघेच्या बाजूने घातल्याचं त्यावरूनच मोठ्या डॉक्टरांना कळलं. त्यांनी दुर्बिणीने मूत्राशय पाहिलं, उघडी कड कापली. सगळी नाही काढली. वाकळेतला एक दोरा ओढला तर सगळी वाकळ चुरगळते, तसलं ते काम.

मुलीने नंतर वाचून दाखवलं, स्कॉटलंडने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितल्या. इंग्लंडात सरकारने नेमलेल्या चौकशीचा, बॅरोनेस कंबरलेज यांचा २०२० चा अहवाल आहे. बायकांच्या तक्रारी 'बायकी दुखणी' म्हणून झटकल्या गेल्या, असं त्यात लिहिलंय. तिकडेही तेच, म्हणजे! माझ्या नणंदेला अशीच पट्टी आहे आणि ती खुशाल गड चढते, हेही खरं. पण मला ऑपरेशनआधी यातलं कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

ठणका बराच उतरलाय. शिंक आली की थोडी सुटते अजून. ओटीपोटाचे व्यायाम चालू आहेत. तुमचं चित्र कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. पुढच्या महिन्यात तपासणीला येतेय, मेतकूट आणते. डबा परत नको.

तुमची,
पट्टीवाली काकू