सिलिंडर पाड्यापर्यंत न्या

महोदय,

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबांनाही जोडण्या मिळाल्या, तरी भाकरी अजून चुलीवरच भाजली जाते. ‘त्यांना चुलीचीच सवय’ असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. सातपुड्यात एकेका गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले. गाडी थांबते तिथून भरलेली टाकी, म्हणजे जवळपास ३० किलोचे ओझे, खांद्यावरून चढवावे लागते. त्यात पैसे आधी मोजायचे आणि अनुदान मागाहून खात्यात. केंद्राचे सिलिंडरमागचे ३०० रुपये असोत की राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतील वर्षाला तीन मोफत सिलिंडर, आधी भरायला रोकड नसेल तर सवलत कागदावरच राहते. लाकूड रानात फुकट मिळते. मोळी मात्र बाईच्या डोक्यावर असते आणि धूर तिच्या व कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्यांचे हाल तर कोणी विचारतही नाही. टाकी गावी कुलपात आणि स्वयंपाक फडावर तीन दगडांवर!

पाच किलोचे सिलिंडर उज्ज्वलात मिळू शकते. ते आठवडी बाजारात आणि रेशन दुकानात भरून मिळावे, अनुदान वजा करूनच पैसे घ्यावेत आणि स्थलांतरितांना कामाच्या ठिकाणीही ते घेता यावे. जिल्हा प्रशासनाने निदान धडगावच्या बाजारापासून सुरुवात करावी.

— एक वाचक, शहादा