परीक्षेला बसणाऱ्या लेकीस

पंचवटी, नाशिक

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की, परीक्षा तोंडावर आली तरी आकडे डोक्यात राहत नाहीत. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो, म्हणून हे लिहून पाठवीत आहे. आरएनसी-एनआयसी, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिकांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागणारी दोन वर्षे आणि 2000 तास तू अमेरिकेत रात्रपाळ्या करून भरलेस, तेव्हा अनुभवाची वाण नाही. उजळणीची पद्धत मात्र बदलावी, असे मला वाटते.

आकड्याआधी कारण धर. तापमानाचेच घे. 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस हे तुला झोपेतही येईल. पण बाळाची ऊब बाष्पीभवन, वहन, अभिसरण आणि प्रारण यांपैकी कोणत्या वाटेने जात आहे, असे विचारले की मुली घोटाळतात. इन्क्यूबेटरमधली हवा गरम असली तरी शेजारची खिडकी गार असेल, तर बाळाची उष्णता त्या काचेकडे जात राहते. हे प्रारण, वाऱ्याच्या झोताशी त्याची गल्लत करू नकोस.

मी नोकरीत नवखी असताना पौषातल्या कडाक्याच्या थंडीत सुरगाण्याकडून जीपमधून दीड किलोचे एक बाळ आले. मी पांघरुणावर पांघरूण घालत राहिले, तरी अंग तापेना. आयाबाईंनी आत हात घातला, तर जन्मावेळचे ओले फडके तसेच अंगाला चिकटलेले! त्यांनी ते काढले, बाळाला कोरडे पुसले आणि मला न विचारताच आईच्या पोलक्यात सरकवले. (त्याच महिन्यात मी बाष्पीभवनावरचा धडा वाचला होता, हे त्यांना मी कधी सांगितले नाही.) नवजात बाळ थंडीने सहसा कुडकुडत नाही; ते तपकिरी चरबी जाळते आणि त्यात प्राणवायू व साखर दोन्ही खर्ची पडतात. म्हणून गार पडलेले अंग, घटलेली साखर आणि वाढलेला श्वास ही तीन प्रकरणे वेगवेगळी पाठ करण्यापेक्षा एकाच बाळाची हकीकत म्हणून वाच.

इकडचे आकडे मात्र तिकडे नेऊ नकोस. आपल्याकडे 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तपासतात, कारण इथे तुलनेने मोठ्या बाळांतही रेटिनोपथी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा या पडद्याचा आजार) आढळते. तिकडची मर्यादा 30 आठवडे किंवा 1500 ग्रॅम आहे, आणि पेपर तिकडचा आहे.

प्रश्न 175 आणि वेळ तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. त्यांतले 25 प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. तेव्हा अनोळखी प्रश्नापाशी अडून न बसता उत्तर देऊन पुढे जा.

सरावात चुकलेले प्रश्न दर रविवारी मला व्हॉट्सॲपवर पाठव. बरोबर उत्तर लिहू नकोस. चुकीचे का निवडलेस, तेवढेच लिही.

तुझी,
आई