चहाच्या गाड्यावर लागलेला निकाल

संपादक साहेब,

आमच्या शहापुरातला एक जण घरातनं गेला तो परत आलाच नाही, पोलीस शोधतायत, पण खडेबाजारात चहाच्या गाड्यावर निकाल कधीच लागलाय बघा, कोण म्हणतंय कर्ज झालतं, कोण म्हणतंय गोव्याला पळाला, एकानं तर त्याला खानापूरच्या जंगलात नेऊन सोडलं. त्याची बायको दुधाची पिशवी घेऊन समोरनं गेली की सगळे गप्प, ती वळली की परत चालू.

मलेशियाचं एमएच ३७० विमान ८ मार्च २०१४ ला २३९ माणसांसकट गायब झालं, त्याचं कारण तपासवाल्यांनाही नक्की ठरवता आलं नाही, आणि आमच्या लोकांना दोन घोटात कळतंय! खरंच काय दिसलं असेल तर ११२ ला फोन करा की, त्यांच्या घराचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कशाला फिरवताय?

– एक वाचक, शहापूर, बेळगाव