आई-बाबा, आता तुम्हाला येता येईल

मेलबर्न,
२४ ऑक्टोबर २०२१

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी बाबांना कागदपत्रांची यादी सांगायला लागले की आई मधेच नातीला दाखव म्हणते, आणि यादी तिथेच राहते. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून काढतेय. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

मुख्य बातमी आधी. १५ ऑक्टोबरला इथल्या पंतप्रधानांनी, मॉरिसन यांनी, जाहीर केलं की १ नोव्हेंबरपासून ऑस्ट्रेलियाचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्या आई-वडिलांना निकटच्या कुटुंबात धरलं जाईल. म्हणजे तुम्हाला सीमाबंदीतून सवलत मागून इथे येता येईल. तुम्ही घेतलेली कोविशिल्डसुद्धा १ ऑक्टोबरपासून इथे मान्य झाली आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यानं तर दोन्ही डोस झालेल्यांचं हॉटेलातलं चौदा दिवसांचं विलगीकरणही १ नोव्हेंबरपासून काढून टाकायचं ठरवलंय.

बाबा, तुम्ही मला कितीदा विचारलंत, "अगं, पण अडचण नेमकी काय आहे? आम्ही व्हिसा काढतो, तपासणी करतो, म्हणाल तितके दिवस खोलीत बसतो." मी दर वेळी "सीमा बंद आहे" एवढंच सांगून विषय बदलायची. खरं कारण सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. २० मार्च २०२० ला या देशानं सीमा बंद केली, तेव्हा नागरिकांच्या आणि इथल्या रहिवाशांच्या निकटच्या कुटुंबाला मुभा ठेवली होती. त्यात नवरा-बायको होते, अवलंबून असलेली मुलं होती, अल्पवयीन मुलांचे पालकही होते. पण माझ्यासारख्या मोठ्या झालेल्या मुलीचे आई-बाप त्यात नव्हते. माझा नवरा माझं कुटुंब, माझी मुलं माझं कुटुंब, आणि ज्यांनी मला जन्म दिला, वाढवलं, शिकवलं, ते तुम्ही दोघं कुटुंबाबाहेरचे! हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? या देशात जवळजवळ निम्म्या लोकांचे आई-वडील दोघंही किंवा त्यांतलं एक तरी परदेशात जन्मलेलं आहे, आणि तरी हा नियम दीड वर्षाहून जास्त टिकला. लोकांनी संसदेकडे अर्ज केले, सह्या गोळा केल्या. आमच्या ओळखीतल्या सगळ्या भारतीय घरांतून सह्या गेल्या.

आई, तुझं जून २०२० चं तिकीट होतं. थोरल्याच्या वेळी तू आली होतीस, तेव्हा मला कशाचीच काळजी करावी लागली नव्हती. या वेळी पोट दिसायला लागलं तशी मी रोज सीमेची बातमी बघायची. आज उघडेल, उद्या उघडेल. मग २ ऑगस्टला मेलबर्नमध्ये चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. व्यायामाला दिवसातून एक तास. वाणसामान आणायला घरातल्या एकानंच, दिवसातून एकदा. त्याआधीच, जुलैपासून, मास्क नसेल तर दोनशे डॉलर दंड होता. आणि याच महिन्यात तुमची नात यायची होती.

कळा सुरू झाल्या त्या रात्री दहाच्या सुमारास. दवाखान्यात जायला संचारबंदीतही परवानगी होती, तरी तुमचे जावई दवाखान्याचं पत्र हातात धरूनच गाडीत बसले. थोरल्याला शेजारच्या पंजाबी भाभींकडे ठेवलं. हमरस्त्यावर एरवी त्या वेळी ट्रकांची रांग असते. त्या रात्री आमच्यापुढे एकही गाडी नव्हती. दवाखान्यात सोबत फक्त एकालाच राहता येत होतं. डॉक्टर, नर्स, सगळ्यांचे चेहरे मास्क आणि काचेच्या ढालीमागे. पोरगी जन्मली तेव्हा तिनं पहिला उघडा चेहरा बघितला तो माझा, कारण कळा देताना मला मास्क काढायची मुभा होती.

त्यानंतरचं तुला माहीतच आहे, पण तू फोनच्या त्या बाजूला होतीस, म्हणून या बाजूचं सांगते. तू मिरजेत ओट्यापाशी फोन टेकवून उभी राहायचीस आणि जावयांना डिंक तळायला शिकवायचीस. "तूप अजून तापू दे. एक खडा टाकून बघा. फुलला? आतून कच्चा नाही ना?" त्यांनी पहिला घाणा जाळला. अळीव पाच किलोमीटरच्या आतल्या दुकानात संपले होते आणि पुढचं दुकान वर्तुळाच्या बाहेर. शेवटी दुकानदारानंच घरपोच पाठवले. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालताना मी घाबरायची, तेव्हा तू तिकडून ओरडायचीस, "मान धर, मान! पाणी डोळ्यांवर नको." तुझा आवाज उशिरा पोचायचा, तोवर मी पाणी घातलेलं असायचं. तेल लावायला तुझे हात नव्हते, याचं दुःख मला कोणताही देश भरून देणार नाही. हे मी कुणापुढे बोलले नाही, कारण लोक मरत होते आणि माझं बाळ सुखरूप होतं. पण आज तुला सांगते.

थोरल्याची शाळा खोलीतल्या टेबलावर भरायची. बागेतल्या घसरगुंड्यांना, झोपाळ्यांना पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. आम्ही फिरायला गेलो की तो त्या पट्टीला हात लावून यायचा. त्या दिवसांत इथल्या पोरांनी एक खेळ काढला. लाकडी चमच्यांना डोळे, केस, कपडे लावायचे आणि झाडाखाली ओळीनं रोवायचे. फिरायच्या एका तासात सगळी मुलं ती चमच्यांची गावं बघत हिंडायची. आपल्या बाळ्यानं वारकरी केला. काडीपेटीच्या काड्यांच्या चिपळ्या, पांढऱ्या रुमालाचं मुंडासं, कपाळाला बुक्का म्हणून काळा ठिपका. आई, त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि तू टीव्हीसमोर हात जोडून बसली होतीस, ते त्यानं फोनवर पाहिलं होतं. पुढे पावसानं मुंडासं गेलं, पण त्यानं दुसरं बांधलं. तो चमचा मी जपून ठेवलाय, तुला दाखवायला.

इतकं सोसून लोकांनी मिळवलं काय, हे विचाराल तर सांगते. ऑगस्टच्या सुरुवातीला रोज सातशेच्या घरात नवे रुग्ण निघत होते. २६ ऑक्टोबर २०२० ला एकही नवा रुग्ण नव्हता आणि एकही मृत्यू नव्हता. त्याआधी मात्र त्या लाटेत वृद्धाश्रमांतली साडेसहाशेच्या आसपास म्हातारी माणसं गेली. ती बातमी ऐकली की मला तुम्ही दोघं दिसायचात. म्हणून मी या निर्बंधांना नावं ठेवत नाही. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी इमारतींतल्या गरीब लोकांना, जवळजवळ तीन हजार माणसांना, आगाऊ सूचना न देता एका दुपारी पोलीस लावून आत कोंडलं, ते मला मुळीच पटलं नाही. राज्याच्या लोकपालांनीही नंतर तो मानवी हक्कांचा भंग ठरवला. पण बाकीचं आम्ही मनापासून पाळलं. परवा, २१ तारखेच्या मध्यरात्री, सहावी टाळेबंदी उठली. सगळ्या मिळून या शहरानं २६२ दिवस काढले.

दादाकडे, स्वीडनमध्ये, याच्या अगदी उलट होतं. गोटेनबर्गमध्ये ट्राम चालू, केशकर्तनालयं चालू, सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू. जमावाची मर्यादा आधी पन्नास, मग नोव्हेंबर २०२० मध्ये आठ. मास्कचा सल्लासुद्धा जानेवारी २०२१ मध्ये आला, तोही गर्दीच्या वेळच्या बस-ट्रामपुरता. मी त्याच्यावर चिडायची. म्हणायची, तुमचे ते सरकारी साथरोगतज्ज्ञ टेग्नेल लोकांच्या जिवाशी खेळतायत. तो म्हणायचा, "अगं, इथे सांगतात, आणि बहुतेक लोक ऐकतात." पण तिथेही वृद्धाश्रमांना झळ लागलीच. त्यांच्याच चौकशी आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये लिहिलं की म्हाताऱ्यांना वाचवण्यात देश कमी पडला, आणि राजानंही तेच बोलून दाखवलं. दादाच्या इमारतीतले एक आजोबा बायकोला भेटायला आश्रमाच्या खिडकीबाहेर उभे राहायचे, भेटीला बंदी होती म्हणून. ते सांगताना दादाचा आवाज बदलला होता.

कोणता देश बरोबर, यावर आम्ही भावंडं आता भांडत नाही. कारण यंदाचा एप्रिल आला.

बाबा, तुमचा ऑक्सिजन खाली आला तेव्हा आई एकटी होती. 'ब्रेक द चेन' सुरू झालेलं, दुकानं बंद, खाट मिळण्यासाठी शेजारच्या काकांनी सकाळपासून फोन लावलेले. दादाला निघता आलं. मुंबईत उतरून, तपासण्यांचे आणि विलगीकरणाचे सोपस्कार उरकून, ई-पास काढून तो मिरजेला पोचला. तुम्हाला भेटू देत नव्हते तरी दवाखान्याच्या आवारात उभा राहून त्यानं डबा आत पाठवला. मी मात्र इथेच. इथल्या माणसाला देशाबाहेर जायलाही परवानगी लागायची. मी अर्ज केला, आईच्या हाताखाली माणूस नाही असं लिहिलं, तुमचे रिपोर्ट जोडले. परवानगी आली, आणि पाठोपाठ २७ एप्रिलला भारतातून येणारी विमानं बंद झाली. ३ मेपासून तर चौदा दिवसांच्या आत भारतात राहिलेला माणूस इथे उतरला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. स्वतःच्या नागरिकांनासुद्धा! नऊ महिन्यांचं अंगावर पिणारं पोर टाकून यायचं, आणि परत कधी जाता येईल ते कुणी सांगू शकत नाही. मी आले नाही. तो नियम पंधरा मेला सुटला, तोवर तुम्ही घरी आला होतात.

ज्या निर्बंधांनी माझी लेकरं वाचली, त्याच निर्बंधांनी मला तुमच्यापासून तोडलं, आणि या दोन्ही गोष्टी मी एकदमच मनात बाळगून आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की सीमा कितीही घट्ट बंद करा, पण कोणाला आत घ्यायचं याची यादी करताना म्हातारे आई-बाप वगळू नका. बाबा, तुम्ही म्हणाल, "सरकारची आपली अडचण असते." असेल. पण हॉटेलात चौदा दिवस ठेवून तुम्हाला घेता आलं असतं. एवढी सोय तर होतीच.

आता कामाचं. नातं सिद्ध करायला माझा जन्मदाखला लागेल. माझ्याकडच्या जुन्या दाखल्यावर तुमची दोघांची नावं आहेत, पण माझ्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय. तेव्हा बाबा, महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन नोंदीत माझं नाव घालून घ्या. माझ्या दहावीच्या सनदेची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स लागेल; दोन्ही कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये आहेत. नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मागा. तिथे तासन्‌तास उभे राहू नका, शेजारच्या काकांच्या मुलाला सोबत न्या. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव मधे आलंय आणि दाखल्यावर सासरचं आहे. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र करावं लागेल. तुमचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, तो आधी नूतनीकरणाला टाका. लसीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का ते कोविनवर बघा. आईच्या प्रमाणपत्रात नुसतं वर्षच आहे असं मला आठवतंय. व्हिसाचा अर्ज आणि आरोग्यविमा मी इथून करते.

दिवाळी चार तारखेला आहे, तेवढ्यात काही जमणार नाही, म्हणून घाई करू नका. तिकीट जानेवारीचं बघू, तोवर बाबांच्या छातीचा सिटी स्कॅन पुन्हा करून डॉक्टरांना विमानप्रवासाचं विचारा. थोडा जरी दम लागत असेल तर मला लपवू नका. तसं असेल तर मीच मुलांना घेऊन येते. १ नोव्हेंबरपासून लस झालेल्या आम्हाला बाहेर जायला परवानगीही लागणार नाही.

आई, येताना तूप, पेढे काही आणू नकोस, विमानतळावर दुधाचे पदार्थ काढून घेतात. गोडा मसाला चालतो, पण उतरताना भरायच्या अर्जात लिहायचा. आणि तुझी ती मऊ झालेली सुती नऊवारी आण, नातीची दुपटी शिवायची राहिलीत. ती आता भिंतीला धरून चालते आणि फोन वाजला की "आजी" म्हणते, कुणाचाही असला तरी.

दाखल्याचं काम सोमवारी सुरू करा आणि झालं की फोटो पाठवा.

तुमची,
छोटी