सेन्योरा, त्या हिरव्या सुपाबद्दल

प्रिय सेन्योरा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. स्पॅनिशमध्ये जमलं तेवढं एका कार्डावर लिहून तुमच्या गल्ल्यापाशी ठेवलंच आहे. पण ‘आभारी आहे’ आणि ‘सूप फार छान होतं’ यापलीकडे माझी मजल गेली नाही. मनातलं सगळं लिहायचं तर मराठीतच लिहायला हवं, आणि तुम्ही कोण आहात हे माझ्या माणसांनाही कळायला हवं. म्हणून हे उघड पत्र.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स आपल्या लोकांना माहीत असतं ते ७४व्या रस्त्यामुळे. पोहे, गूळ, कढीपत्ता, दिवाळीच्या पणत्या, सगळं तिथे मिळतं. तिथून रूझवेल्ट अव्हेन्यूवर पूर्वेकडे चालत राहिलं की साड्यांची आणि सोन्याची दुकानं मागे पडतात आणि कोलंबिया, इक्वाडोर, पेरूच्या पाट्या दिसायला लागतात. डोक्यावरून ७ नंबरची गाडी धडधडत जाते. तिच्याच सावलीत तुमचं पेरूचं हॉटेल. आठ-दहा टेबलं, भिंतीला लागून कोळशाची भट्टी आणि तिच्यात सळ्यांवर गरगर फिरणाऱ्या कोंबड्या. आम्ही तुमचे अधूनमधूनचे गिऱ्हाईक होतो, एवढीच आपली ओळख.

बाळ झालं ते ऐन जानेवारीत. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. माझ्या नवऱ्यानं वरण-भात, खिचडी आणि अळिवाची खीर शिकून घेतली, आणि ती मनापासून केली. पण तो दिवसभर कामावर. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बाळंतिणीला अळणी रस्सा देतात: मटणाचं पाणी, आलं-लसूण, बेताचं मीठ, तिखटाचं नाव नाही. तो वास मला रोज आठवायचा आणि रोज रडू यायचं. बाळंतपणात रडू येतंच म्हणतात, पण त्यातलं निम्मं तरी भुकेचं होतं, असं मला आजही वाटतं.

एका संध्याकाळी नवरा तुमच्याकडे अर्धी कोंबडी घ्यायला आला. बायको कुठे दिसत नाही हल्ली, असं तुम्ही विचारलंत. त्यानं फोनवर बाळाचा फोटो दाखवला. पुढचं त्यानं घरी येऊन सांगितलं. तुम्ही त्याच्या हातातली पिशवी परत घेतलीत, आतली तळलेली बटाट्याची बोटं आणि चटण्या काढून टाकल्यात, आणि एक मोठा डबा सुपानं भरून दिलात. पैसे कोंबडीचे घेतलेत, सुपाचे घेतले नाहीत.

ते अग्वादितो होतं. वाटलेल्या कोथिंबिरीनं गडद हिरवं झालेलं, आत कोंबडीची तंगडी, भात, मटार, गाजर, मोठ्या पांढरट दाण्यांचा मका. तुमच्या देशात त्यात पिवळी मिरची, ‘आही अमारियो’, असतेच. माझ्या डब्यातून तुम्ही ती वगळली होती आणि आलं चांगलं दुप्पट घातलं होतं. डब्याचं झाकण उघडलं आणि वाफेबरोबर आलं-कोथिंबिरीचा वास आला. मी चमचा न शोधता डबाच तोंडाला लावला.

त्यानंतर एक दिवसाआड डबा येत राहिला. कधी नवरा आणायचा, कधी तुमचा सामान पोचवणारा मुलगा सायकलवरून. बाळाला घेऊन मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा तुमच्याकडेच आले, तर तुम्ही मला घरी का नाही बसलीस म्हणून दटावलंत. तुमच्या चिनी आजीच्या हिशेबात बाळंतीण महिनाभर घर सोडत नाही, पेरूच्या हिशेबात चाळीस दिवस. आमच्याकडे सव्वा महिना असतो, असं मी सांगितल्यावर तुम्ही बोटांवर मोजून बघितलंत आणि मान हलवलीत. मग पाय वर घेऊन बसता येईल असं कोपऱ्यातलं टेबल मला दिलंत, भट्टीच्या उबेला.

त्या टेबलावर दुपारच्या रिकाम्या वेळात तुम्ही जे सांगितलंत, तेही मला या आभारात धरायचं आहे. तुमच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या स्पॅनिशमध्ये ते सांगून व्हायला कित्येक दुपारी लागल्या.

तुमचे पणजोबा चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून करारावर आलेले मजूर. घरी येऊन मी पुढे वाचत गेले. १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत जवळपास एक लाख चिनी माणसं पेरूला नेली गेली, बरीचशी मकाव बंदरातून. १८५४ मध्ये पेरूनं गुलामगिरी बंद केली, तरी ऊस आणि कापसाच्या मळ्यांना आणि चिंचा बेटांवरच्या, खतासाठी खणल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या खाणींना हात हवेच होते. आठ वर्षांचा करार, वर उचल आणि कर्ज. आमच्या कोकणातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे असेच करारावर नेलेल्या मजुरांची, आठवण मला झाली. त्यांची मराठी बोलणारी घरं तिथे आजही आहेत. तुमचे पणजोबा कान्येतेच्या खोऱ्यात राबले. सुटका झालेले कितीतरी जण राजधानी लिमात आले आणि मंडईशेजारच्या कापोन गल्लीत त्यांनी खाणावळी घातल्या. मग १९२०च्या दशकात चिफा नावानं चिनी हॉटेलं उभी राहिली आणि बघता बघता सगळं लिमा तिथे जेवायला लागलं. आज पेरूत परतलेल्या भाताला चाउफा आणि परतलेल्या गोमांसाला लोमो साल्तादो ही घरची नावं आहेत. ज्यांना मळ्यावर माणूस म्हणून धरलं नाही, त्यांच्या कढईतलं जेवण देशाचं जेवण झालं. सेन्योरा, हे तुम्ही किती सहज सांगितलंत, कांदापात चिरता चिरता.

आणि कोंबडी तुमच्या मिस्टरांची. ते डोंगराकडचे, हुआंकायोचे. पेरूची ही भाजलेली कोंबडी, पोयो आ ला ब्रासा, मी फार जुनी समजत होते. ती १९५०ची निघाली. रोजर शुलर नावाच्या एका स्विस माणसानं लिमाबाहेरच्या आपल्या फार्मवर, ग्रान्हा अझुलमध्ये ती सुरू केली, आणि अनेक कोंबड्या एकदम फिरवणारं यंत्र त्याचा देशबंधू फ्रान्झ उल्रिच यानं बनवलं. सुरुवातीला म्हणे नुसतं मीठ लावायचे. जिरं, लसूण, आही पांका ही लाल मिरची, व्हिनेगर आणि सोया सॉस हा मसाला मागून आला. २००४ मध्ये पेरूच्या सरकारनं तिला राष्ट्रीय वारसा ठरवलं, आणि जुलैचा तिसरा रविवार तिचा सण असतो. त्या रविवारी तुमच्या दारात लागलेली रांग मी खिडकीतून पाहिली आहे.

भट्टीसमोरच्या टेबलावर बसून मी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहायचे. वरच्या सळीवरच्या कोंबडीची चरबी खालचीवर ठिबकते, तिची खालचीवर, आणि शेवटचा थेंब निखाऱ्यावर पडून धूर होऊन पुन्हा वर चढतो. कातडी आधी पिवळी, मग तांबूस, मग मधाच्या रंगाची होते. तुमचे मिस्टर घड्याळ बघत नाहीत. मांडीचा सांधा दोन बोटांत धरून हलवून बघतात, आणि तेवढ्यावरून कोंबडी उतरवतात. मग जाड पात्याचा चिनी सुरा, चार घाव, आणि हाडाचा चुराही दिसत नाही.

सव्वा महिना झाल्यावर तुम्ही स्वतः हिरव्या चटणीची बाटली माझ्या टेबलापाशी घेऊन आलात. तोवर मला हातही लावू दिला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही आत नेऊन वाकातायचा पाला दाखवलात, त्याशिवाय ही चटणी होत नाही म्हणून. मी एक पान चुरगळलं आणि थेट दसऱ्याचा वास आला! वाकाताय झेंडूच्याच घराण्यातली. आम्ही जी फुलं तोरणाला लावतो ती मुळात तुमच्याच बाजूच्या खंडातून आलेली, आणि तिच्या बहिणीला तुम्ही मिरचीबरोबर वाटता. मला ते इतकं आवडलं की आईला त्याच रात्री फोन केला.

मग तुम्ही माझ्यापुढे मोस्त्रितो ठेवलात: पाव कोंबडी, शेजारी चाउफा, वर बटाट्याची बोटं. तुमच्या माहेरची कढई आणि तुमच्या सासरची भट्टी एका ताटात. चाउफाचा भात आदल्या दिवशीचा, दाणा न् दाणा सुटा, अंड्याच्या पट्ट्या, कांदापात, आणि मोठ्या जाळावरच्या लोखंडी कढईचा तो धुरकट वास. बाळ मांडीवर झोपलेलं होतं आणि मी एका हातानं जेवत होते, तर तुम्ही न सांगता माझं मांस सोडवून दिलंत. माझ्या आईनं तेच केलं असतं.

तुम्ही माझ्या कोणी नव्हतात. हॉटेल चालवणाऱ्या बाईला अर्ध्या कोंबडीच्या गिऱ्हाइकाची एवढी काळजी करायचं काहीच कारण नव्हतं. या शहरात मला सल्ला पुष्कळांनी दिला, पुस्तकं दिली, फोन नंबर दिले. खायला तुम्ही घातलंत. माझ्या अंगावरचं दूध टिकलं, झोप लागायला लागली, त्यात त्या डब्यांचा वाटा किती, हे डॉक्टर सांगू शकणार नाहीत. माझ्यापुरतं मला माहीत आहे.

आता एक विनंती. आईचा व्हिसा अखेर झालाय, पुढच्या महिन्यात ती येते आहे. तुमच्याबद्दल ती इतकं ऐकून आहे की बॅगेत तुमच्यासाठी इरकली साडी आणि घरचा कांदा-लसूण मसाला आधीच भरून ठेवलाय. अग्वादितो कसं करायचं ते तिला शिकायचंय आणि पांढरा रस्सा तुम्हाला शिकवायचाय. दुभाष्याचं काम मी करेन. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास येऊ, तुमची गर्दी ओसरल्यावर. कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवा, लेकीसाठी उंच खुर्ची लागेल, आणि आईसाठी हिरव्या चटणीची आख्खी बाटली. तिला तिखट कमी पडलेलं चालत नाही.

तुमची ऋणी,
समोरच्या इमारतीतली कोल्हापूरची मुलगी