ताई, त्या आघाताबद्दल आभार

ताई, सा.न.वि.वि.

फीचा विषय तुम्ही काढू देत नाही आणि तोंडावर आभार मानले की "चहा गार होतोय" म्हणून गप्प करता. म्हणून हे जाहीर पत्र.

मेक्सिकोत मशीन बसवायला जाणाऱ्यांत माझं नाव लागलं, तेव्हा सातपूरच्या कारखान्यातून सुटलो की स्पॅनिशच्या क्लासला पळायचो. तिथे अनियमित क्रियापदांचा तक्ता हातात ठेवून "पाठ करा" एवढंच सांगायचे. तुम्ही तो तक्ता घेतलात आणि आधी 'वोसोत्रोस'ची, म्हणजे अनेकांना म्हणायच्या 'तुम्ही'ची ओळच खोडलीत. मेक्सिकोत ती बोलत नाहीत, 'उस्तेदेस'वर भागतं. पाठांतराचा सहावा हिस्सा तिथेच गळाला!

मग टेबलावर बोटाने ठोका देत 'प्वेदो, प्वेदेस, प्वेदे' (मी, तू, तो करू शकतो) म्हणायला लावलंत. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, धातूवर पडला की 'ओ'चा 'वे' होतो. 'पोदेमोस'मध्ये (आम्ही करू शकतो) तो पुढे सरकतो, म्हणून 'ओ' जागेवर राहतो. 'क्येरो' (मला हवंय) पण 'केरेमोस' (आम्हाला हवंय), तेही त्याच हिशेबाने. स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ'वर आघात आला की ते असे फुटत गेले, हेही तुम्हीच सांगितलंत. एवढं कळल्यावर 'दोर्मीर' (झोपणे), 'पेन्सार' (विचार करणे) मुकाट्याने रांगेत आली. 'पेदीर'चा (मागवणे) सराव तर मिसळीच्या टेबलावर झाला. मी एकट्याने मागवली तर 'पीदो', दोघांनी मिळून मागवली तर 'पेदीमोस'. वाढप्या पापड हातात घेऊन ऐकत उभा होता.

'तेंगो, वेंगो, पोंगो, साल्गो' (माझ्याकडे आहे, येतो, ठेवतो, निघतो) हा माझा लाडका गट, कारण ते 'गो' फक्त 'मी'पुरतं. पुढे 'सालेस, साले' (तू निघतोस, तो निघतो) मात्र तुमच्या गॅलरीत मोठ्याने म्हणणं जरा अवघडच. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर पाहिलं होतं.

आणि 'ईर'चं (जाणे) 'वोय' (मी जातो) कुठून आलं, म्हणून मी कुरकुरलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "जाणेचं गेला कुठून आलं रे?" जाणे 'या' धातूचं, गेला 'गम्'चं, लॅटिनमधली दोन क्रियापदं तिकडेही अशीच एकत्र नांदतायत. त्यानंतर तक्रारीला तोंड उरलं नाही.

वर्तमानकाळ आता बऱ्यापैकी जिभेवर बसलाय. रविवारी भूतकाळाची वही घेऊन येतो. 'फूई' म्हणजे 'मी होतो' आणि 'मी गेलो'ही, यावर काहीतरी उत्तर तयार ठेवा. चिवडा मी आणतो.

तुमचा विद्यार्थी