वाय-फाय की मोबाईल डेटा: सीमेवरच्या मित्रास पत्र

खानापूर, जि. बेळगाव
18 जुलै

प्रिय मित्र महादेव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरी फायबरचे कनेक्शन आले असताना मोबाईलचा रिचार्ज पुन्हा करावा की डेटा कायमचा बंद ठेवावा, असे तू विचारले आहेस. पुढच्या आठवड्यात चि. स्नेहलची ऑनलाईन मुलाखत असल्यामुळे तुला उत्तराची घाई आहे, हेही समजले. माझे मत आधीच सांगतो. दोन्ही ठेव, मात्र कोणत्या कामाला कोणते वापरायचे, हा निर्णय फोनवर सोपवू नकोस.

फोनची रीत अशी, की ओळखीचे वाय-फाय सापडले की तो मोबाईल डेटा बाजूला ठेवून त्यावर जातो आणि वर भरलेल्या पट्ट्या दाखवतो. त्या पट्ट्यांचा अर्थ एवढाच, की तुझा फोन आणि तुझा राउटर यांचे एकमेकांशी नीट जुळले आहे. राउटरच्या पुढे खांबांवरून गेलेल्या तारेचे काय चालले आहे, ते त्या पट्ट्या सांगत नाहीत. नळाची तोटी धड आहे म्हणून टाकीत पाणी आहेच असे होत नाही, तसेच हे. लाईन पूर्ण बंद पडली तर बहुतेक फोन ‘इंटरनेट नाही’ असे सांगतात, परंतु ती नुसती रडतखडत चालत असेल तर फोनला ते लवकर कळत नाही, आणि शेजारी चांगला फोरजी असतानाही तो त्या रखडलेल्या वाय-फायला धरून बसतो. वाय-फाय कच्चे पडले की आपोआप मोबाईल डेटावर जाण्याची सोय अनेक अँड्रॉईड फोनांत आहे, आयफोनमध्येही ती 2015 पासून ‘वाय-फाय असिस्ट’ या नावाने आहे. बातम्या वाचताना ती उपयोगी पडते. चालू व्हिडिओ कॉलमध्ये मात्र असा बदल झाला की चित्र गोठते, आवाज तुटतो आणि समोरच्या माणसाला वाटते की उमेदवार गप्प बसला आहे. म्हणून मुलाखतीपुरती ती सोय बंद कर.

आता तुमच्या घराविषयी. राउटर सोप्यात लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला आहे आणि स्नेहल माडीवर बसते, असे तू लिहिले आहेस. मध्ये जुन्या दगडमातीच्या भिंती आहेत, त्या मी पाहिल्या आहेत. हातभर रुंद असतील. राउटर बहुधा दोन नावांनी दिसत असेल, त्यांतले एक 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींचे आणि दुसरे 5 च्या. 5 चे वेगवान असते पण जाड भिंतीपुढे त्याचे फारसे चालत नाही, 2.4 चे संथ असले तरी भिंतीपलीकडे पोहोचते. माडीवर बसायचेच असेल तर 2.4 घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे कपाटामागचा राउटर उघड्यावर, जिन्याच्या तोंडाशी आणावा आणि मुलाखतीच्या दिवशी स्नेहलने त्याच खोलीत बसून 5 वापरावे.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिकडे कोणी लक्ष देत नाही. मोबाईल कंपन्यांच्या हिशेबात आपला बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे सेवेच्या कर्नाटक विभागात येतो, तर कागल आणि कोल्हापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमेलगतच्या कोगनोळीच्या आसपास फोनला पलीकडचा टॉवर जवळचा वाटला की तो त्यावर जातो, आणि अनेक फोन त्याला रोमिंग समजतात. सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर सिग्नल भरलेला, कॉल लागतो आणि डेटा तेवढा बंद, अशी अवस्था होते. शेताकडे गेल्यावर नेट जाते असे जे तू लिहिले आहेस, त्यामागे हेच असावे अशी मला दाट शंका आहे. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे मोठ्या कंपन्यांनी 2017 च्या सुमारास बंद केले, तेव्हा ते बटण चालू ठेवायला आता भिण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲपमध्येही रोमिंगसाठी वेगळी नोंद असते, त्यामुळे शेतात फोटो आपोआप उतरत नसतील तर तेही पाहावे.

आमच्याकडे अडचण उलटी आहे. जांबोटी, कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात सिग्नल एवढा क्षीण असतो की टॉवर गाठण्यासाठी फोन जादा जोर लावतो आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते. अशा घरात वाय-फाय कॉलिंग हा मोठा आधार आहे. सेटिंगमध्ये ते चालू केले की नेहमीच्या नंबरावरचा साधा कॉल राउटरमार्गे जातो. आमच्या माजघरात आता आईला फोन घेण्यासाठी भर पावसात अंगणात जावे लागत नाही, याचे मला फार समाधान आहे.

रोजच्या वापराचे थोडक्यात सांगतो. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ वाय-फायवरच उतरतील असे करून ठेव, नाहीतर दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो आणि मग मिळणाऱ्या 64 केबीपीएसच्या वेगात साधे पानही उघडत नाही. पैशांचा व्यवहार स्टँडवरच्या किंवा हॉटेलातल्या फुकटच्या वाय-फायवर करू नये. तिथे आपला मोबाईल डेटा बरा.

मुलाखतीसाठी माझा सल्ला असा. ज्या वेळेला मुलाखत आहे त्याच वेळेला दोन दिवस आधी फायबरवर कुणाशी तरी अर्धा तास व्हिडिओ कॉल करून पाहा, कारण सकाळी चांगली चालणारी लाईन संध्याकाळी तशीच चालेल असे नसते. ती टिकली तर वाय-फायवरच बसू दे आणि तुझा फोन, त्यातले सिम फायबरवाल्यांपेक्षा दुसऱ्या कंपनीचे असल्यामुळे, हॉटस्पॉट तयार ठेवून शेजारी ठेव. त्या दिवशी सकाळपासून तुझ्या फोनवर कोणी व्हिडिओ पाहू नये, म्हणजे डेटा शिल्लक राहील. लाईट गेली की राउटर लगेच बंद पडतो, टॉवरला मात्र बॅटरी असते. तेव्हा लाईट गेल्यास वाट न पाहता सरळ हॉटस्पॉट जोडावा. राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो जमल्यास आत्ताच आणावा.

सौ. वहिनींना नमस्कार, चि. स्नेहलला अनेक आशीर्वाद. शेतात गेल्यावर डेटा रोमिंगचे बटण बंद होते की चालू, ते पाहून मला जरूर कळव. कागलला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याचीही हीच तक्रार आहे, त्याचा फोन आपल्या बाजूचा टॉवर पकडतो, आणि त्यालाही हेच सांगायचे आहे.

तुझा,
विठ्ठल